हात तोच, चेंडू उशिरा

जुलै १९९९, लॉर्ड्स. न्यूझीलंडचा ख्रिस केर्न्स धावत आला, हात नेहमीच्याच जोरात फिरला आणि चेंडू थेट डोक्याकडे निघाल्यासारखा दिसला. इंग्लंडचा वीस वर्षांचा यष्टिरक्षक ख्रिस रीड झटकन खाली बसला. चेंडू हवेतच बुडाला आणि मागे जाऊन यष्ट्यांवर आदळला. शून्यावर त्रिफळा! लोक अजून ती क्लिप पाहून हसतात. मला मात्र रीडची बाजू घ्यावीशी वाटते. त्या हाताकडे पाहून जो अंदाज बांधायचा तो त्याने बांधला आणि त्याबरहुकूम तो वागलाही. हा हळू चेंडू, म्हणजे वेगवान गोलंदाजाने हात त्याच जोरात फिरवून मुद्दाम कमी वेगाने टाकलेला, फसवतो तो नेमका असा, शिकलेल्या फलंदाजाला त्याच्याच शिक्षणाने.

हे असं का होतं, याचा चांगला खुलासा पुढच्याच वर्षी झाला. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड या दोन ब्रिटिश संशोधकांनी तीन फलंदाजांच्या डोक्यावर कॅमेरे बसवून त्यांची नजर कुठे जाते ते टिपलं. ‘चेंडूवरून नजर हटवू नकोस’ असं प्रत्येक प्रशिक्षक ओरडतो. प्रत्यक्षात कोणीच तसं करत नाही. फलंदाज चेंडू सुटताना पाहतो, मग नजर उडी मारून टप्पा जिथे पडेल असं वाटतं तिथे आधीच जाऊन थांबते. चेंडू मागून येतो. तिघांतल्या सर्वांत चांगल्या खेळाडूची नजर तर ही उडी सर्वांत लवकर घेत होती.

आता साधं गणित करा. हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत साधारण १८ मीटर. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू हे अंतर जेमतेम ०.४६ सेकंदात कापतो, ११० चा ०.५९ सेकंदात. वाटेत हवा आणि खेळपट्टी वेग खातात, तो हिशेब सोडून दिला तरी १४० समजून फिरवलेली बॅट पुढे येऊन गेलेली असते तेव्हा ११० चा चेंडू अजून चार मीटर लांब असतो. मग मिड ऑफला अलगद झेल, नाहीतर दांडी गुल.

युक्ती जुनीच आहे. १८८२ मध्ये ओव्हलवर ९० धावांत १४ बळी घेणारा ऑस्ट्रेलियाचा फ्रेड स्पॉफर्थ सुरुवातीला निव्वळ वेगवान होता. एकाच शैलीत वेग कमीजास्त करणं तो नंतर शिकला आणि खरा धाक तेव्हापासून बसला. इंग्लंडच्या जॉर्ज लोमनचे कसोटीत १०.७५ च्या सरासरीने ११२ बळी आहेत, तेही वेगातल्या अशाच हेरफेरीच्या जोरावर.

पण त्या काळी फलंदाजाला थांबायला खेळपट्टीच शिकवत असे. खेळपट्ट्या उघड्या असत, पाऊस झाला की चेंडू अडकून येई. मुंबईत १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग ही त्याचीच शाळा. ‘बॉल थांबून येतोय’ हे तिथलं रोजचं वाक्य. घाई केली की कव्हरला झेल. मुंबईकर फलंदाज चेंडू अंगाशी येऊ देऊन उशिरा खेळायचा, त्याचं थोडं श्रेय या चिखलाला द्यायला हरकत नाही.

एकदिवसीय क्रिकेटने खेळ पालटला. शेवटच्या दहा षटकांत फलंदाज मारणारच हे ठरलेलं, त्यामुळे वेग हा गोलंदाजाचाच तोटा ठरू लागला. १९८७ च्या विश्वचषकात स्टीव्ह वॉ हातामागून, म्हणजे मनगट उलटं करून, हळू चेंडू टाकायचा. चेपॉकवर भारताविरुद्धचं शेवटचं षटक त्यालाच दिलं गेलं, मणिंदर सिंगचा त्रिफळा उडाला आणि आपण एका धावेने हरलो. याच सुमारास इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायर या काउंटी संघाकडून खेळणारा बार्बाडोसचा फ्रँकलिन स्टीफन्सन आपल्या उंचावरून बुडणाऱ्या हळू चेंडूने काउंटी क्रिकेट हैराण करत होता. १९८८ च्या मोसमात त्याने हजार धावा आणि शंभर बळी अशी दुहेरी कामगिरी केली. केर्न्सही त्याच काउंटीकडून खेळलेला, आणि गंमत म्हणजे रीडही तिथलाच यष्टिरक्षक.

या चेंडूंना एक खोड होती, ते हातात दिसत. मनगट उलटलं की हाताची मागची बाजू फलंदाजाकडे येते आणि चेंडू आधी नजरेच्या वर उचलला जातो. ऑफकटरमध्ये, म्हणजे टप्प्यावर वळणाऱ्या चेंडूत, बोटं चेंडूच्या कडेवरून फिरतात, शिवण तिरकी गरगरते. त्यामुळे हात वाचायची विद्या तयार झाली. आधी मनगट, ते चुकलं तर सुरुवातीची उंची, तेही चुकलं तर टप्प्यानंतर जे हाती लागेल ते. तिसऱ्या पायरीवर फार तर बॅट आडवी घालून जीव वाचतो.

ही विद्या निकामी करायला श्रीरामपूरचा झहीर खान पुढे आला. चेंडू बोटांच्या वळलेल्या सांध्यांवर धरायचा, ही बेसबॉलमधून आलेली पकड. मनगट सरळच राहतं, हाताचा वेगही तोच, त्यामुळे फलंदाजाला वाचायला जवळजवळ काही उरत नाही. २०११ च्या विश्वचषकात चेन्नईला ८१ वर जमलेला वेस्ट इंडिजचा डेव्हन स्मिथ असा गेला, उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाचा मायकेल हसीही. झहीरने त्या स्पर्धेत २१ बळी घेतले. चार वर्षांनी मीरपूरला बांगलादेशच्या मुस्तफिजुर रहमानने पहिल्या दोन एकदिवसीय सामन्यांत आपले ११ फलंदाज टिपले. त्याच्या कटरमागचं मनगट इतकं लवचिक की हात पाहूनही उपयोग नव्हता.

मग फलंदाजांनी हात वाचण्यावरचा भर कमी केला. क्रीझमध्ये खोल उभं राहायचं, पाया रुंद ठेवायचा, हळू चेंडूच येणार असं धरून चालायचं आणि वेगवान आलाच तर हाताच्या चपळाईवर निभावायचं. आयपीएलमध्ये हे अपरिहार्यच होतं. २०१३ मध्ये ड्वेन ब्राव्होने आणि २०२१ मध्ये हर्षल पटेलने एका मोसमात ३२ बळी घेतले ते मुख्यतः हळू चेंडूंवर. अपवाद आता नेहमीचाच झाला होता.

तेव्हा गोलंदाजांनी उलट फलंदाज वाचायला घेतला. डिसेंबर २०१८, मेलबर्न, तिसऱ्या दिवशी उपाहाराआधीचा शेवटचा चेंडू. मिड ऑफवरच्या रोहित शर्माने बुमराला सुचवलं, हळू टाकून बघ. कसोटीत, उपाहाराच्या तोंडावर, ऑस्ट्रेलियाच्या शॉन मार्शच्या मनात तो विचार असणं शक्यच नव्हतं. थेट पायांशी पडणारा बुडता यॉर्कर, पायचीत.

पाच महिन्यांनी हैदराबादला आयपीएलचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध चेन्नई. चेन्नईला शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या, समोर पालघरचा शार्दूल ठाकूर. तो मोठा फटका मारायला जाणार हे मुंबईच्या मैदानांवर त्याला पाहिलेल्या कर्णधार रोहितला माहीत होतं. मुंबईच्या लसिथ मलिंगाने हळू यॉर्कर टाकला. शार्दूल पायचीत, मुंबई एका धावेने विजयी. बोटांच्या सांध्यांवरून सुटणारा तो फसवा चेंडू शार्दूल स्वतःही टाकतो.