कंट्री पार्क : जुन्या जलाशयांभोवतीची वनोद्याने

शहराजवळच्या मोकळ्या निसर्गात लोकांना सहज फिरता यावे म्हणून ब्रिटनमध्ये, बहुतेक ठिकाणी स्थानिक प्रशासनामार्फत, जी उद्याने राखली जातात त्यांना कंट्री पार्क म्हणतात. स्कॉटलंडमध्ये १९६७ च्या आणि इंग्लंड-वेल्समध्ये १९६८ च्या कायद्याने त्यांना आधार मिळाला. मोटारी वाढल्या होत्या आणि सुटीच्या दिवशी शहरातली माणसे शेतशिवारात नि राष्ट्रीय उद्यानांत लोटत होती. ही गर्दी शहराजवळच सामावून घ्यावी, हा त्यामागचा हिशेब होता. त्यामुळे वाहनतळ, स्वच्छतागृहे, खुणा केलेल्या पायवाटा आणि बाके या सोयी इथे साधारणपणे असतात. प्रवेश बहुधा मोफत असतो, मात्र वाहनतळाला अनेक ठिकाणी पैसे पडतात.

यांपैकी काही उद्याने पाणीपुरवठ्यातून बाद झालेल्या जलाशयांभोवती उभी राहिली. एकोणिसाव्या शतकात वाढत्या गिरणी-गावांनी आपापली छोटी मातीची धरणे बांधली होती. पुढे मोठे जलाशय आणि शुद्धीकरण केंद्रे आली. १९७४ मध्ये इंग्लंड-वेल्सचा पाणीपुरवठा प्रादेशिक प्राधिकरणांकडे गेला, तेव्हा अशी कित्येक लहान धरणे चालवणे परवडेनासे झाले. पाणी स्वच्छ राहावे म्हणून काठावर गुरे आणि वस्ती येऊ न देण्याची पद्धत होती, अनेक ठिकाणी पाणलोटात पाइन-स्प्रूससारखे सूचिपर्णी वृक्षही लावले गेले. आजच्या फिरस्त्याला मिळणारी सावली पुष्कळदा या बंदोबस्तातून आलेली आहे. आता अनेक ठिकाणी सूचिपर्णी झाडे टप्प्याटप्प्याने काढून ओक, बर्च, रोवन अशी मूळची झाडे वाढू देतात. एप्रिलअखेर ते मे या काळात कुठे निळ्या ब्लूबेलचा गालिचा दिसला, तर तो भाग बहुधा धरणापेक्षाही जुन्या वनाचा असतो. हे फूल नव्या लागवडीत फार सावकाश पसरते.

स्कॉटलंडमधल्या अलोआ गावाजवळचे गार्टमॉर्न डॅम हे या प्रकारातले फार जुने उदाहरण. मार परगण्याचा अर्ल (सरदार) जॉन अर्स्किन याने १७१३ च्या सुमारास हे धरण बांधवले. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर आणण्यासाठी १७१५ मध्ये झालेल्या जॅकोबाइट उठावाचे नेतृत्व करणारा तो हाच. धरणामागचा हेतू पिण्याचे पाणी हा नव्हता. त्याच्या कोळशाच्या खाणीत पाणी भरत होते आणि ते उपसणारी यंत्रे पाणचक्कीवर चालवायची होती. त्यासाठी जॉर्ज सोरोकोल्ड या इंग्लिश अभियंत्याचा सल्ला घेतला गेला. फॉरेस्टमिल येथे ब्लॅक डेव्हन नदीला बंधारा घालून पाटाने पाणी जलाशयात आणले. पुढे याच पाण्यावर गिरण्या चालल्या, नंतर ते गावाला पिण्यासाठी गेले. आज काठाने वाट आहे, आणि हिवाळ्यात पाणपक्षी मुक्कामाला येतात. जलाशयाला फेरी मारून परत फिरण्यापेक्षा पाटाच्या कडेने थोडे चालावे. खाणीतले पाणी काढायला नदीचे पाणी वळवले, ही उलटी वाटणारी गोष्ट तिथे नीट समजते.

अशा उद्यानात पहिल्यांदा पाहावी ती धरणाची भिंत. पाण्याकडच्या उतारावर अनेकदा लाटांपासून रक्षण करणारे दगडी अस्तर असते, कोरड्या बाजूला छाटलेले गवत. भोवती एवढे रान असताना भिंतीवर मात्र झाड वाढू देत नाहीत. मुळे भरावात शिरली की पाण्याला वाट मिळते, झाड उन्मळले तर खड्डा पडतो, आणि दाट झुडपात पाझर दिसत नाही. जुन्या भरावांच्या पोटात बहुधा तुडवून घट्ट केलेल्या चिकणमातीचा गाभा असतो. पाणी अडवण्याचे खरे काम तोच करतो.

नळाला पाणी देणे थांबले तरी साठा आहे तोवर धरणाची जबाबदारी संपत नाही. १९२५ मध्ये वेल्समधील डॉलगॅरॉग येथे धरण फुटून १६ माणसे मेली आणि १९३० मध्ये जलाशय-सुरक्षेचा कायदा झाला. आजच्या इंग्लंडमधील देखरेख १९७५ च्या कायद्याखाली चालते. या कायद्याखालच्या मोठ्या जलाशयांची ठरावीक मुदतीने तज्ज्ञ अभियंत्याकडून तपासणी करावी लागते. याची निकड जून २००७ मध्ये रॉदरहॅमजवळच्या उली कंट्री पार्कमध्ये दिसली. अतिवृष्टीत जुन्या दगडी सांडव्याची भिंत ढासळली आणि पाण्याने धरणाचा कोरडा उतार कुरतडायला सुरुवात केली. खालच्या वस्त्यांतल्या लोकांना घरे सोडावी लागली, एम-१ महामार्ग बंद झाला. पंप लावून पातळी खाली आणली, उतारावर दगड टाकले आणि धरण वाचले. मग नवा सांडवा बांधला गेला. उद्यानाच्या देखभालीत बाकांआधी सांडव्याला पैसे मिळायला हवेत, हे उलीनंतर वेगळे पटवून द्यायला नको.

काठावरची एक वनस्पती मराठी वाचकाला चटकन ओळखू येईल. हिमालयातून एकोणिसाव्या शतकात बागेसाठी नेलेला गुलाबी तेरडा तिथे माणसाच्या उंचीएवढा माजतो. आपल्या तेरड्यासारखीच त्याची पिकलेली बोंडे हात लागताच फुटतात आणि बी पाण्यात पडून पुढे जाते. मुळे उथळ असल्याने तो सहज उपटता येतो, म्हणून बी धरण्याआधी, उन्हाळ्यात, स्वयंसेवक तो काढतात.

पोहण्याला बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि ती पाळावीच. वरचा थर कोमट लागला तरी खाली पाणी फार थंड असते. १५ अंश सेल्सिअसखालच्या पाण्यात अचानक उडी घेतली की श्वास ताब्यात राहत नाही, चांगला पोहणाराही बुडतो. काठ एकदम खोल होतात, पाण्याखाली झडपा आणि नळही असू शकतात. उन्हाळ्यात पातळी उतरली की उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसतो, पण पाऊल आत रुतते. याच दिवसांत निळे-हिरवे शेवाळ आल्याची पाटी लागली, तर कुत्र्याला पाण्याजवळ सोडू नये. ते पाणी प्यायल्याने किंवा अंगावरचे शेवाळ चाटल्याने कुत्री दगावतात.