फ्रेमची टूल बॅग की नुसती चेनची?

दुकानाच्या फळीवर दोन्ही शेजारीशेजारी असतात आणि खरंच सारख्या दिसतात. जाड काळं कापड, वर लांब चेन, दोन पट्टे, बाजूला खिशांची रांग. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा किंवा गावातल्या हार्डवेअरवाल्याकडे, दोन्हींना ‘टूल बॅग’च म्हणतात आणि भाव इंचांवर सांगतात. आत कागदाचे बोळे कोंबलेले असल्यामुळे दोन्ही ऐटीत उभ्या असतात. म्हणून आधी ते बोळे बाहेर काढायला लावा, चेन पूर्ण उघडा आणि हात सोडा. एकीचं तोंड आ वासून तसंच राहील, दुसरीचं मिटेल.

उघडी राहणारीच्या कडेत दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी किंवा सळी शिवलेली असते, टोकांना बिजागरीसारखी जोडलेली. घरी व्हिजिटला येणाऱ्या जुन्या डॉक्टरांची बॅग आठवा. दुसरीत फ्रेम नसते. ती म्हणजे जाड कापडाची प्रवासी बॅगच.

हा फरक कळतो तो काम करताना. वॉशबेसिनखाली आडवं होऊन एका हाताने अँगल कॉकचा, म्हणजे भिंतीतल्या छोट्या नळाचा, नट धरलाय आणि दुसरा हात बॅगेत टेफ्लॉन टेप शोधतोय. फ्रेमच्या बॅगेत मान वळवली की तळ दिसतो. बिनफ्रेमच्या बॅगेत आधी कोपराने तोंड उघडं धरायचं, मग चेनच्या दात्यांनी मनगट खरवडून घेत पक्कड, पाना, टेस्टर चाचपत बसायचं. शेवटी सगळा पसारा लादीवर ओततो माणूस. मग एखादा वॉशर घरंगळत फ्रिजखाली जातो आणि घरमालकीणबाई बघत राहतात. रोज चार घरी नळ, स्विच, बिजागऱ्या करणाऱ्याने फ्रेमचीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिचेही नखरे आहेत. ती जरा जड असते, रिकामी असली तरी चपटी होत नाही, आणि स्वस्त मालात फ्रेमचं टोक कापड फाडून बाहेर डोकावतं. घेताना त्या टोकांपाशी बोट फिरवा. तिथे दुहेरी कापड किंवा रेक्झिनची ठिगळपट्टी असली पाहिजे. तोंड सताड उघडताना चेनच्या दोन्ही टोकांवर ताण येतो, तिथली शिवणही बघून घ्या.

बाकीच्या गोष्टी दोघींना सारख्याच लागू. पट्टे नुसते बाजूला टाचलेले नकोत, बॅगेच्या तळाखालून फिरून आलेले हवेत. हत्यारांचं वजन मग शिवणीवर न येता पट्ट्यावर येतं. तळ रबराचा किंवा टणक प्लॅस्टिकचा असावा, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर बॅग ओल्या जिन्यात आणि बाथरूममध्येच टेकते. कापडावर ६०० डी, १६८० डी असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड, पण आतून कोटिंग नसेल तर त्या आकड्याने पाणी अडत नाही. खिसे मोजत बसू नका. आत स्क्रू ड्रायव्हर उभे राहतील असे पाच-सहा पुरतात.

लांबीला १६ इंच बहुतेकांना बरी पडते. १३ इंचीत नेहमीचा हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत, बसत नाही, कारण पातंच १२ इंची, वर मूठ. १८ इंची घेतली की ‘असू दे, लागेल’ म्हणत ती भरत जाते आणि लिफ्ट बंद असलेल्या दिवशी खांदा बोलायला लागतो.

चेनची बॅग आधीच घरात असेल तर टाकू नका. ड्रिल मशीन, एक्स्टेंशन बोर्ड, दोरी, हातोडी असा अवजड माल तिच्यात मजेत राहतो, आणि काम नसलं की घडी करून माळ्यावर टाकता येते.