शीड तिप्पट, हात दोनच

गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस गोदीत बांधलेल्या दोन शिडाच्या बोटींची तुलना फार उद्बोधक आहे. पहिली नौदलाची ‘म्हादई’, ५६ फुटी, २००९ मध्ये नौदलात आली. दुसरी ‘थुरिया’, ३२ फुटी, २०१७ मध्ये पाण्यात उतरली. थुरिया ही ‘सुहैली’ची प्रतिकृती. मूळ सुहैली १९६४ साली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधली गेली, आणि ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिच्यातून कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. म्हादई आणि थुरिया या दोन्ही बोटींवर नौदलाचे तेव्हाचे अधिकारी अभिलाष टॉमी एकटे दूरच्या सफरीला निघाले होते.

लांबीतला फरक पावणेदोन पट. एवढ्यावरून मोठी बोट ‘जरा मोठी’ वाटते, पण तसे नाही. आकार तोच ठेवून लांबी १.७५ पट केली, तर शिडाचे क्षेत्रफळ तिप्पट होते आणि वजन पाचपटीहून जास्त. या हिशेबाने नऊ-दहा टनी सुहैलीची थोरली बहीण पन्नास टनांची व्हायला हवी. म्हादई प्रत्यक्षात २३ टनांची आहे. तिची काया लाकडी पट्ट्या इपॉक्सी या चिकट राळेने जोडून वर काचतंतूंचे आवरण चढवलेली, म्हणून हलकी. सुहैलीचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, जवळजवळ बोटीच्या लांबीभर पसरलेला; म्हादईचा आखूड.

आधी वेगाचे बघू. बोट पुढे सरकताना नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, पाणी उचलले जाते आणि लाट तयार होते. वेग वाढला की ही लाट लांबते. तिची लांबी बोटीच्या पाण्यातल्या लांबीइतकी झाली की नाळ एका शिखरावर, मागची बाजू दुसऱ्या शिखरावर आणि मध्ये खळगा. आणखी जोर लावला तर मागची बाजू खाली बसते आणि बोटीला स्वतःच्याच लाटेचा चढ चढावा लागतो. ही मर्यादा नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, काढायची तर पाण्यातल्या लांबीचे फुटांतले वर्गमूळ काढून १.३४ ने गुणायचे. सुहैलीची पाण्यातली लांबी २८ फूट, म्हणून सात नॉट. ५६ फुटी बोटीची ती ४९ फूट धरली तर साडेनऊच्या जवळ.

सुहैली १४ जून १९६८ ला इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाली आणि २२ एप्रिल १९६९ ला परतली. ३१२ दिवसांत सुमारे ३० हजार सागरी मैल, म्हणजे सरासरी चार नॉट. म्हादईने १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या दीडशे दिवसांत सुमारे २३ हजार सागरी मैल कापले, सरासरी ६.४ नॉट. फरक सूत्रापेक्षा जास्त पडला, कारण हळू वाऱ्यात लाटेची मर्यादा गाठलीच जात नाही. तिथे पाण्याचे घर्षण आणि वजन आडवे येते, आणि लांब पठाणाला पाणी जास्त घासते.

वाऱ्याने कलणारी बोट तिच्या वजनामुळे सरळ होते. हा सरळ करणारा जोर लांबीच्या चौथ्या घातात वाढतो, आडवा पाडणारा जोर तिसऱ्या घातात. म्हणून ३२ फुटी बोटीवर १५ नॉट वाऱ्यात शीड आखूड करावे लागत असेल, तर त्याच घडणीच्या ५६ फुटीवर ते साधारण २० नॉटला करावे लागेल.

पण लाटा बोटीच्या मापाने येत नाहीत. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीतल्या दुर्घटनेनंतर इंग्लंडमध्ये प्रतिकृतींवर चाचण्या झाल्या. फुटणारी लाट बाजूने आदळली आणि तिची उंची बोटीच्या लांबीच्या ५५-६० टक्के असली, तर जवळजवळ कोणतीही बोट पूर्ण गिरकी खाते. ३२ फुटीसाठी ही उंची साडेपाच मीटरच्या आसपास, ५६ फुटीसाठी साडेनऊ. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात थुरिया उलटून फिरली, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. बोटीची घडण चांगली असली तरी लांबी कमी असल्याची भरपाई तिने होत नाही.

मग मोठीच बोट का घेऊ नये? कारण माणूस तेवढाच राहतो. शिडाचा मोकळा कोपरा धरणाऱ्या दोरावर, म्हणजे दामणीवर, येणारा ताण शिडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणि वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. २० नॉट वाऱ्यात ३० चौरस मीटरच्या पुढच्या शिडाची दामण सुमारे २५० किलोने ओढते, ९० चौरस मीटरची ७५० किलोने. चाळीसपट जोर देणाऱ्या विंचवर, म्हणजे ढोलाभोवती दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रावर, हँडलला पहिल्यासाठी सहा किलो लावावे लागतात, दुसऱ्यासाठी एकोणीस, घर्षण वेगळेच. तेही प्रत्येक वेळी, रात्री तीन वाजतासुद्धा. दोर खालच्या कोनातून ढोलावर नीट आला नाही तर एक फेरा दुसऱ्यावर चढतो आणि दामण अडकते. छोट्या बोटीवर नाळ वाऱ्याकडे वळवून ताण उतरवला की बहुधा सुटते. मोठीवर अडकलेल्या दोराला पुढे दुसरा दोर ताणाखाली न घसरणाऱ्या गाठीने बांधून, तो दुसऱ्या विंचवर घेऊन, आधी ताण त्याच्यावर घ्यावा लागतो. त्या वेळी बोटे ढोलापाशी ठेवायची नाहीत. ७५० किलो ताणाखाली सापडलेले बोट वाचत नाही.

सुहैलीला दोन डोलकाठ्या आहेत त्याचे कारणही हेच. एकूण शीड तेवढेच, पण तुकडे लहान, एका माणसाच्या आवाक्यातले.

संथ बोटीला शिधा मात्र जास्त लागतो. दिवसाला तीन लिटर पाणी धरले तर १५० दिवसांना ४५० लिटर, ३१२ दिवसांना ९३६. म्हणजे कमी जागेच्या बोटीत दुप्पट पाणी. सुहैलीसारख्या बोटीत टनभर सामान भरले की ती सुमारे पाच सेंटिमीटर खाली बसते. म्हादईच्या आकाराच्या बोटीत दोन. नॉक्स-जॉन्स्टन यांच्या टाक्यांतले पाणी वाटेत खराब झाले आणि शिडावरून गळणाऱ्या पावसाच्या पाण्यावर भागवावे लागले.

छोटेपणाचा एक फायदा अटलांटिकमध्ये दिसला. सुहैलीचा पठाण आणि पहिली फळी यांच्यातल्या सांध्यातून पाणी येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टन बोटीखाली बुडी मारून गेले, फटीत कापूस भरला, वर कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकली आणि त्यावर तांब्याचा पत्रा बसवला. काम पाण्याखाली दीड मीटरच्या आसपास होते, एका श्वासात पोहोचता येईल इतके.