कप्प्यांसाठी ४५ मशिनं

मास प्रॉडक्शनचा विषय निघाला की सगळे हेन्री फोर्डचंच नाव घेतात, परवा एका फॉरवर्डमध्येही तेच. फोर्डचा सरकता पट्टा १९१३चा. पण एकेका कामाला एकेक वेगळं मशीन लावून हजारो सारख्या वस्तू काढणं त्याच्या शंभर वर्षं आधी इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या नौदल गोदीत चालू होतं, आणि ते चक्क कप्पीसाठी!

आपण शाळेत शिकलो तीच कप्पी. शिडाच्या जहाजावर शीड चढवा, उतरवा, तोफ ओढा, सगळं दोरखंड आणि कप्प्यांवर. ७४ तोफांच्या जहाजाला जवळपास हजार कप्प्या लागायच्या, त्यात फ्रान्सशी युद्ध, म्हणजे नौदलाची वर्षाची गरज लाखभर.

हे काम तिघांचं: गोदीत सुधारणा करणारा सॅम्युअल बेंथम, डिझाइन करणारा मार्क ब्रुनेल (फ्रेंच राज्यक्रांतीतून पळून न्यूयॉर्कला गेलेला आणि १७९९ला इंग्लंडात आलेला इंजिनिअर) आणि ती मशिनं प्रत्यक्षात घडवणारा हेन्री मॉड्सली. एकट्या जीनियसने जग बदललं छापाच्या गोष्टी मला अजिबात पटत नाहीत, इथे तिघांतला एक नसता तरी काम अडलं असतं.

आता माझं सगळ्यात आवडतं मशीन, खाच पाडायचं. कप्पीच्या एल्म झाडाच्या लाकडी ठोकळ्यात चाक बसायला आरपार खाच लागते, सुतार ती सामत्याने भोक पाडून मग पटाशीने ठोकून ठोकून करणार. इथेही आधी एक मशीन भोक पाडून देतं, मग दुसऱ्यात वाफेच्या जोरावर पटाशी खालीवर होते आणि प्रत्येक ठोक्यानंतर ठोकळा स्क्रूने किंचित पुढे सरकतो, पुन्हा ठोका, पुन्हा सरकला, आणि खाच पूर्ण झाली की सरकणं आपोआप थांबतं. म्हणजे माप कारागिराच्या नजरेत नाही, मशीनमध्येच! बाहेरच्या गोलाईसाठी तर दहा ठोकळे एका मोठ्या चाकाच्या कडेला बसवून फिरवायचे, साच्याच्या वळणाने जाणारं पातं एक बाजू तासतं, मग दहाही एकदम ९० अंशांत वळवून पुढची बाजू.

आतलं चाक लिग्नम व्हायटीचं, हे लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, शिवाय अंगचंच तेलकट. त्याच्या मधोमध धातूचा बुश (आस ज्यातून जातो ती नळी) बसतो, तो तीन पाकळ्यांच्या आकाराचा, का तर गोल असता तर लाकडात नुसताच फिरत राहिला असता, आणि त्या पाकळ्यांची खाच कोरायलाही वेगळं मशीन आहेच.

हे सगळं जमलं कारण मॉड्सलीने मशिनांचे सांगाडेच धातूचे केले. लाकडी सांगाडा थरथरतो आणि पातं भरकटतं, मग हजारावा ठोकळा पहिल्यासारखा कसा येणार?

१८०८ला उत्पादन वर्षाला १,३०,००० कप्प्यांवर गेलं. ११० कुशल कारागिरांचं काम १० साधे कामगार करू लागले असं तेव्हाचे हिशोब सांगतात, आणि त्या १०० जणांच्या हातातल्या कसबाचं काय झालं हेही विचारायला हवं. ब्रुनेलला एका वर्षाच्या बचतीइतके, १७,००० पौंडांवर पैसे मिळाले, तेही बरीच वाट बघून. त्यातली काही मशिनं आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहेत, आणि गोदीत कप्प्या बनणं थांबलं ते थेट १९६०च्या दशकात.