करुणा आणि संतोष: बुद्धांच्या शिकवणीत हे आलं कुठून

बुद्ध म्हटलं की बऱ्याच जणांना डोळे मिटलेली मूर्तीच आठवते, पण करुणा आणि संतोष कसा शिकवला गेला हे बघायचं असेल तर विनयपिटक उघडावं, भिक्खूंच्या रोजच्या राहणीचे नियम आणि ते का पडले याच्या गोष्टी त्यात आहेत. माझ्या मते खरी शिकवण तिथे जास्त दिसते.

एक भिक्खू जुलाबाने आजारी होता, स्वतःच्याच घाणीत पडलेला, कोणी फिरकत नव्हतं कारण म्हणे तो इतरांच्या काही कामाला येत नाही. बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला पाणी आणायला सांगितलं, स्वतः पाणी ओतलं, आनंदने धुतलं, मग एकाने डोक्याकडून आणि एकाने पायाकडून उचलून त्याला मंचकावर ठेवलं. नंतर सगळ्यांना बोलावून सांगितलं की तुम्हाला इथे ना आई ना बाप, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार, आणि ज्याला माझी सेवा करायचीय त्याने आजाऱ्याची करावी.

संतोषाचंही तसंच. चीवर (म्हणजे भिक्खूचं वस्त्र), भिक्षा, राहायला जागा आणि आजारात औषध, भिक्खूच्या गरजा या चारच. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदला ५०० वस्त्रं दिली तेव्हा राजा वैतागला, म्हणाला एवढ्यांचं करणार काय, दुकान टाकणार का? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जीर्ण झालीत त्यांना वाटू. मग जुन्यांचं काय? अंथरुणावर घालू. त्याच्या जुन्याचं? गादीची खोळ, मग जमिनीवर अंथरायला, मग पायपुसणं, मग धूळ झटकायला, आणि शेवटी चिंध्या कुटून चिखलात कालवून जमीन सारवू. राजा इतका खूश झाला की आणखी ५०० दिली!

हे सगळं भिक्खूंचं झालं. संसारी माणसाला बुद्धांनी सगळं सोड असं सांगितलेलं नाही. अनाथपिंडिक हा मोठा व्यापारी, त्याला गृहस्थाची चार सुखं सांगितली: कष्टाने मिळवलेलं धन असणं, ते भोगणं आणि त्यातून दानधर्म करणं, कर्ज नसणं आणि वागणं निर्दोष असणं.

पुढे सम्राट अशोकाने कलिंग युद्धानंतर (१३व्या शिलालेखात तो स्वतःच १ लाख मेले आणि दीड लाख लोक नेले गेले असं लिहितो) करुणा राज्यकारभारात आणली, २ऱ्या शिलालेखात माणसं आणि जनावरं दोघांच्याही उपचारांची सोय, औषधी वनस्पती, विहिरी, झाडं हे सगळं येतं. ५व्या शतकात श्रीलंकेत बौद्ध पंडित बुद्धघोषांनी मैत्रीभावनेची, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याच्या ध्यानाची, पद्धत सविस्तर मांडली, सुरुवात स्वतःपासून, मग आदरणीय किंवा प्रिय व्यक्ती, मग तिऱ्हाईत आणि सगळ्यात शेवटी वैरी.

आणि आपल्याकडे ज्याच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही ते म्हणजे बाबासाहेब. संतोष म्हणजे आहे त्या परिस्थितीपुढे मान तुकवणं, हा अर्थ त्यांनी साफ नाकारला. गरीब असणं धन्य आहे असं बुद्ध कधी म्हणाले नाहीत, आणि पीडिताने आपली परिस्थिती बदलू नये असंही नाही, हे त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये स्पष्ट लिहिलं, तो ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये आला. त्याआधी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारताना लाखो लोकांनी त्यांच्यासोबत २२ प्रतिज्ञा घेतल्या, त्यात सगळ्या प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे आणि सगळी माणसं समान मानण्याचीही.