आधी लाटणं, मग भोवरा, वाटी शेवटी

'कातीव' हा शब्द हल्ली सुंदर चेहऱ्यांच्या वर्णनापुरता उरला आहे. मुळात तो कातारी लोकांच्या कामातला. कातारी म्हणजे लाकूड फिरवत ठेवून त्याला गोल घडवणारा कारागीर. पाळण्याचे दांडे, पलंगाचे पाय, भातुकलीतलं जातं, हे सगळं त्याच्या हातचं. जुन्या पद्धतीत एकजण लाकडाला गुंडाळलेली दोरी पुढे-मागे ओढायचा आणि दुसरा जमिनीवर बसून हत्यार धरायचा. लाकूड एकदा सुलट फिरे, एकदा उलट, आणि कापलं जाई ते फक्त सुलट फेऱ्यात. आता दोरीची जागा मोटारने घेतली आहे. टेबलावर मावणारा लेथ, म्हणजे लाकूड फिरवणारं यंत्र, घेऊन छंद म्हणून हे काम करणारे वाढत आहेत आणि त्यातला जवळजवळ प्रत्येकजण पहिल्याच आठवड्यात वाटी करायला जातो. मीही गेलो होतो. लाकडाचा तुकडा सुटून भिंतीवर आदळला, तेव्हा कळलं की क्रम चुकला.

क्रम का महत्त्वाचा, हे समजायला घरातला खराटा हातात घ्या. लाकूड म्हणजे असाच घट्ट बांधलेला खराटा. झाडात पाणी वर नेणाऱ्या आणि खोडाला ताठ ठेवणाऱ्या लांबट पेशी उभ्या दिशेने एकमेकींना चिकटून असतात. या मोळीच्या अंगावरून सुरी सपाट फिरवली तर काड्या सुटून निघतात. टोकांकडून कापायला गेलं तर प्रत्येक काडी आडवी तोडावी लागते आणि जोर कितीतरी जास्त लागतो. लेथवरची सगळी हुशारी एका प्रश्नात आहे: या क्षणी हत्यारासमोर काड्यांच्या बाजू आहेत की टोकं?

लाटण्यात हा प्रश्न सर्वांत सोपा असतो. काड्या लाटण्याच्या लांबीने, म्हणजे फिरण्याच्या आसाला समांतर. लाकूड कितीही फिरलं तरी हत्याराला फक्त त्यांच्या बाजूच भेटतात. दोन टोकांना पकडलेला चौकोनी तुकडा आधी खोलगट पटाशीने (दुकानात तिला रफिंग गाऊज म्हणतात) गोल करायचा, मग दोन्हीकडे निमुळता. इथे नियम एकच. जाड भागाकडून बारीक भागाकडे कापायचं. पेन्सिलीला ब्लेडने टोक काढताना आपण हेच करतो, टोकाकडून मागे कुणी तासत नाही. उतारावर कापताना प्रत्येक काडीला खालच्या काडीचा आधार असतो. चढावर गेलात की धार काड्यांच्या फटीत शिरते, काडी उचकटते आणि लाटण्यावर खरखरीत ओरखडा उठतो. पॉलिश पेपर कितीही घासा, तो पूर्ण जात नाही.

दुसरी गोष्ट हत्याराच्या टेकणीची. धारेच्या मागे जो उतरता, घासून चकचकीत केलेला भाग असतो, तो आधी फिरत्या लाकडाला टेकवायचा. तेव्हा नुसती घसट होते, कापलं काहीच जात नाही. मग मूठ हळूच उचलायची. धार खाली येते आणि लांब, कुरळी ढलपी सुटायला लागते. ढलपीऐवजी भुसा उडत असेल तर तुम्ही कापत नाही आहात, खरवडत आहात. धार गेली असेल, नाहीतर कोन चुकला असेल. सागवानावर काम करणाऱ्यांना धार पुन्हा पुन्हा लावावी लागते, कारण सागाच्या पेशींमध्ये सिलिका, म्हणजे वाळूतलंच द्रव्य, असतं. नवख्याने गाठी नसलेला, सरळ रेषांचा आंबा किंवा कडुलिंब घ्यावा, फुकट मिळाला तर उत्तम.

लाटण्याला तेल द्यायचं तर शेंगदाण्याचं नको. ते कधीच वाळत नाही आणि काही दिवसांत खवट वास मारतं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याचा पातळ पापुद्रा बनतो. मात्र या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेटू शकते, म्हणून ती उलगडून मोकळ्या हवेत वाळवायची.

भोवऱ्यातही काड्या आसाच्या दिशेनेच राहतात, पण त्याची परीक्षा निराळी. वाकडं लाटणं पोळी लाटून जातं. भोवरा मात्र तुमची प्रत्येक चूक आठ-दहा मुलांसमोर सांगतो. लेथवरून उतरलेली वस्तू गोल असते, समतोल असेलच असं नाही. एका बाजूला गाठ असली किंवा आर, म्हणजे खालचा खिळा, मधोमध बसली नसली, तर वस्तुमानाचं केंद्र आसावर राहत नाही आणि भोवरा पहिल्या झटक्यापासून थरथरतो. म्हणून आर ठोकायचं भोक भोवरा लेथवर असतानाच पाडायचं, म्हणजे ते आपोआप आसावर येतं.

आकाराचं गणितही मजेशीर आहे. आसापासून दुप्पट अंतरावर ठेवलेलं तेवढंच लाकूड फिरण्याच्या जडत्वात चौपट भर घालतं. त्यामुळे रुंद, बसका भोवरा सडपातळ भोवऱ्यापेक्षा जास्त वेळ टिकून फिरतो, पण जाळी, म्हणजे गुंडाळलेली दोरी, ओढून त्याला गती द्यायलाही तेवढाच जोर लागतो. मुलांच्या हाताला काय झेपेल ते बघून पोट ठरवायचं. एका दुपारी एकाच फांदीतून तीन आकाराचे भोवरे कातून पाहिले तर पाठ्यपुस्तकातल्या जडत्वाच्या धड्याची भीती जाते.

आणि भोवऱ्याला रंग द्यायचा तो लाखेचा. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांवरची ती चमक अशीच येते. तिथे काळ्या कुड्याचं पांढरं, बारीक पोताचं लाकूड वापरतात. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणानेच ती मऊ होऊन पसरते. लाख साधारण 75 ते 80 अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे वेगळी आच लागत नाही. मग केवड्याच्या जातीच्या झाडाचं पान दाबून धरलं की थर एकसारखा होतो. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या इवल्या किड्यांनी स्वतःच्या रक्षणासाठी स्रवलेला हा राळेसारखा पदार्थ लहान मुलांच्या तोंडात जाणाऱ्या खेळण्यावर बसतो, हे मला नेहमीच गमतीचं वाटत आलं आहे.

आता वाटी. इथे खराटा आडवा पडतो. काड्या आसाला काटकोनात येतात आणि एका फेऱ्यात हत्याराला दोनदा त्यांच्या बाजू भेटतात, दोनदा टोकं. मिनिटाला 700 फेरे असतील तर टोकांचा मारा सेकंदाला तेवीस-चोवीस वेळा. लाटण्याचा नियमही इथे उलटतो. बाहेरून कापताना बुडाकडून काठाकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्याकडे जायचं आणि आतून काठाकडून बुडाकडे. काडीला मागे आधार हवा हे तत्त्व तेच, पण काडीच वळली म्हणून दिशा वळली. लाटणं गोल करणारी ती रुंद पटाशी वाटीवर कधीही लावू नये. तिचा मुठीत शिरणारा दांडा चपटा आणि अशक्त असतो, टोकांच्या धक्क्याने तो मोडतो. वाटीसाठी जाड गोल सळईची पटाशी वेगळी मिळते.

वेगाचा हिशेब इथे जिवावरचा आहे. 4 सेंटिमीटर जाडीचं लाटणं मिनिटाला 1500 फेरे घेत असेल तर त्याचा पृष्ठभाग ताशी 11 किलोमीटरने पळतो, म्हणजे सावकाश सायकलइतका. 25 सेंटिमीटर व्यासाचा वाटीचा ठोकळा त्याच फेऱ्यांवर लावला तर त्याचा काठ ताशी 70 किलोमीटरने जातो. शिवाय ठोकळा सुरुवातीला कधीच समतोल नसतो. काठाजवळ एका बाजूला फक्त 50 ग्रॅम लाकूड जास्त असेल तर या वेगात 15 किलो वजनाइतकी ओढ निर्माण होते आणि ती सेकंदाला 25 वेळा दिशा बदलते. फेरे निम्मे केले की ही ओढ चौथाईवर येते. लेथवाल्यांचा ढोबळ हिशेब असा, की इंचातला व्यास गुणिले फेरे हे 6000 ते 9000 च्या दरम्यान ठेवावेत. दहा इंची ठोकळ्याला म्हणजे 600 ते 900. ओबडधोबड असेपर्यंत त्याहूनही कमी. माझा तुकडा भिंतीवर का गेला, हे यातून समजलंच असेल.

चेहरा पूर्ण झाकणारी काच हवीच. हातमोजे, ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली साखळी, काहीही फिरत्या लाकडाजवळ नको. कापड अडकलं की हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. मास्कही हवा. लाकडाच्या भुशाची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत 1995 साली केली आहे.

वाटी सहसा ओल्या लाकडाचीच कातली जाते, ते मऊ लागतं आणि धूळ उडत नाही. अडचण नंतर येते. पेशींच्या भिंतींत मुरलेलं पाणी जाऊ लागलं की लाकूड आकसतं, आणि सगळीकडे सारखं नाही. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत सागवान वार्षिक वर्तुळांच्या कडेकडेने साडेपाच ते सहा टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्म्याहून कमी, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. साग तर यातला शहाणा, इतर बरीच लाकडं याहून जास्त आकसतात. म्हणून सोमवारी गोल असलेली वाटी महिन्याभरात लंबगोल होते. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं, तोच खेळ उलट दिशेने.

उपाय असा, की वाटी आधी जाडच ठेवायची. व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी भिंत, म्हणजे 20 सेंटिमीटरच्या वाटीला 2 सेंटिमीटर. मग ती तिच्याच ढलप्यांसकट कागदी पिशवीत बांधून सावलीत ठेवायची, म्हणजे पाणी सावकाश जातं आणि तडा जात नाही. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून पिशवीवरच लिहून ठेवायचं. आकडा घटायचा थांबला की वाटी पुन्हा लेथवर चढवून गोल करायची. यात काही महिने जातात. तोवर दुसरं लाटणं करायला घ्या, पहिलं एव्हाना कुणीतरी मागून नेलेलं असतं.