भंगाराला भाव असलेल्या शहरात असेंब्लाज

भंगारातून उभ्या केलेल्या शिल्पांचा, म्हणजे असेंब्लाजचा, किंवा कोलाजचा इतिहास सांगायचा म्हटलं की बहुतेक जण १९१२ च्या पॅरिसपासून सुरुवात करतात. पिकासोने त्या वर्षी वेताच्या खुर्चीची जाळी छापलेलं मेणकापड चित्रावर चिकटवलं आणि चौकटीऐवजी भोवती दोरखंड गुंडाळला. त्याच वर्षी ब्राकने लाकडाचा भास देणारा भिंतीचा कागद कापून चित्रात वापरला. पहिल्या महायुद्धानंतर हॅनोव्हरमध्ये कुर्ट श्विटर्स ट्रामची तिकिटं, वेष्टनं, रस्त्यावर सापडतील ते तुकडे जोडू लागला. असेंब्लाज हा शब्द कलेच्या चर्चेत रुळवला तो पन्नाशीच्या दशकात फ्रेंच चित्रकार द्युब्युफेने, आणि १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्या नावाचं मोठं प्रदर्शन भरलं.

हे सगळं बरोबर आहे, पण नागपूरकराला ते अपुरं वाटायला हवं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे मारबत, म्हणजे ईडा पीडा नेणारा बाईचा पुतळा, मिरवणुकीने निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासून आणि पिवळीची १८८५ पासून सांगितली जाते. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद आणि रंग. सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, असतात. मोहल्ल्यातली पोरं फाटके कपडे, तुटके झाडू, जुन्या चपला असं काहीबाही गोळा करून बडग्या उभा करायची. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत मिरवायचं आणि शेवटी जाळायचं. म्हणून पिकासोच्या आधी नागपूर, असा दावा मी करणार नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मात्र बडग्यात काय जायचं, हे बघण्यासारखं आहे. ज्याला कबाडीही हात लावणार नाही, तेच.

कारण आपल्याकडे फेकलेली वस्तू फुकट नसते. जुन्या लुगड्याची वाकळ होते, रद्दी किलोवर जाते, पितळेची फुटकी गडवी तर घरातून हलतही नाही. श्विटर्सला जे रस्त्यावर मिळायचं, ते इथे सकाळीच कोणीतरी वेचून नेलेलं असतं. इतवारीत लोहा ओळीच्या आसपास दात झिजलेलं एखादं गिअरचाक उचलून बघा. दुकानदार आधी ते काट्यावर ठेवतो. आकार त्याच्या हिशेबात नाही, वजन आहे. तांबं-पितळ महाग पडतं म्हणून नवा कलाकार बहुधा लोखंडावर येतो. या कामांतला तो गंजाचा रंग हौसेइतकाच खिशातूनही आलेला आहे.

भारतात ही वाट वेगवेगळ्या दिशांनी उघडली. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींनी १९५६-५७ च्या सुमारास दृष्टी गेल्यावर कागद कापून कोलाज केले. अहमदाबादच्या पिराजी सागरांनी लाकूड, पत्रा, खिळे एकत्र आणले. नेकचंद यांची चंडीगडची रॉक गार्डन १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली. फुटक्या बांगड्या आणि चिनी मातीचे तुकडे तिथे शिल्पांच्या अंगावर बसले आहेत. २००८ मध्ये विवान सुंदरम यांनी ‘ट्रॅश’साठी कचरा वेचणाऱ्यांसोबत काम करून कचऱ्याचं अख्खं शहर मांडलं. शाळेतल्या ‘टाकाऊतून टिकाऊ’ने मात्र, माझ्या मते, नुकसानच केलं. वस्तू होती तशी बघायच्या आधीच तिचा पेनस्टँड होऊन गेला.

जोडणीची गोष्ट या इतिहासात कोणी फारशी सांगत नाही. पूर्वी कागदाला खळ आणि लाकडाला सरस. १९५९ मध्ये फेव्हिकॉल आला आणि दोन्हीची जागा त्याने घेतली. पण पांढरा गोंद सुकायला एक बाजू तरी पाणी शोषणारी लागते. पत्र्यावर पत्रा त्याने धरत नाही. तिथे एम-सील, तार, स्क्रू नाहीतर सरळ वेल्डिंग. त्यातून मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे आणि जुलैत हवेत ओल, म्हणजे लाकूड आकसतं नि फुगतं, पत्रा आपल्या जागी राहतो आणि सांधा उकलतो. म्हणून इथले जाणते लोक वस्तू चिकटवण्याऐवजी भोक पाडून तारेने बांधतात, आणि तारेला थोडी ढील ठेवतात.